हजार ल्युमेन कशासाठी, ताई?

पुण्यात कर्वेनगरात राहणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ४७. शाळा सकाळची, त्यामुळे पळायला पहाटे पाचलाच बाहेर पडावं लागतं. आठवड्यात म्हात्रे पूल, डीपी रस्ता, प्रभात रस्ता असा फेरा असतो आणि रविवारी मैत्रिणींबरोबर वेताळ टेकडी. येत्या हिवाळ्यात कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक करायचं मनात आहे. मध्यंतरी रस्त्याच्या खोदकामात पाय मुरगळला, तेव्हापासून त्या हेडटॉर्च लावतात. पण ही स्वस्तातली टॉर्च जड आहे, पळताना नाकावर उतरते आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं. मुलगा म्हणतो, घ्यायचीच तर हजार-बाराशे ल्युमेनची घे, म्हणजे विषय संपला. मैत्रीण म्हणते, हातात मोबाइल आहे की! आणि सासूबाई म्हणतात की बाईमाणसानं अंधारात बाहेर पडूच नये, वर कपाळाला दिवा बांधून लोकांचं लक्ष कशाला वेधून घ्यायचं?

त्यांचं म्हणणं असं: "रस्त्यावर, टेकडीवर, ट्रेकला आणि लाइट गेल्यावर घरी, सगळीकडे चालेल आणि डोकं दुखणार नाही अशी एकच टॉर्च सांगा. चार हजारांपर्यंत खर्च करीन. मला चष्मा आहे, प्रोग्रेसिव्ह. आणि जमलं तर सासूबाईंना काय सांगू तेही सांगा."

ताई, नमस्कार.

तिघांनी तुम्हाला तीन सल्ले दिले आणि त्यातल्या एकानंही तुमच्या कपाळाची चौकशी केली नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

भुवयांच्या वर, कातडीच्या लगेच खालून नसा वर जातात. त्यांच्यावर घट्ट पट्टा बराच वेळ दाबून बसला की डोकं दुखतं. पोहण्याचा चष्मा, हेल्मेट, घट्ट पट्टी, कशानंही हे होतं. डोकेदुखीच्या वैद्यकीय वर्गीकरणात बाहेरच्या दाबामुळे होणाऱ्या डोकेदुखीचा वेगळा प्रकारच नोंदलेला आहे. टॉर्च काढल्यावर तासाभरात ठणका थांबत असेल तर दोष पट्ट्याचा समजा. थांबत नसेल किंवा टॉर्च न लावताही दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आता पट्टा आवळावा का लागतो? टॉर्च जड असते आणि तिचं वजन कपाळापासून पुढे आलेलं असतं. प्रत्येक पावलाला ती पुढे झुकते, झोत हलतो, म्हणून तुम्ही पट्टा आणखी ओढता. दुकानात उभ्यानं लावून बघितली तर यातलं काही कळत नाही, कारण चालताना आणि उभं असताना जवळजवळ कुठलीही टॉर्च बरी वाटते. तुमच्यासाठी सेल आणि पट्ट्यासकट ९० ग्रॅमच्या आतली टॉर्च बघा. ५० ग्रॅमच्या आतल्याही मिळतात. त्याहून जड घ्यायची वेळ आली तर सेलचा डबा डोक्याच्या मागे असलेली आणि टाळूवरून जाणारा दुसरा पट्टा असलेली घ्या. वजन पुढे-मागे विभागलं की १२० ग्रॅमसुद्धा सुसह्य होतात, पुढे लोंबणारे १२० मात्र नाहीत. आणि मैत्रिणीच्या मोबाइलबद्दल एवढंच सांगते की तो २०० ग्रॅमच्या आसपास असतो, एक हात अडकवतो, आणि तोल गेला तर आधी तो वाचवायचा की स्वतःला, हे ठरवायला वेळ नसतो.

पट्टा भुवयांवर बांधू नका. जिथून केस सुरू होतात त्या रेषेवर, जमल्यास किंचित वर बसवा आणि मागच्या बाजूला डोक्याला जो उंचवटा आहे त्याच्या खाली अडकवा. पोनी बांधत असाल तर पट्टा पोनीच्या खालून जाऊ द्या. खाली सुती पट्टी किंवा बफ (डोक्याला-गळ्याला घालायची ताणणारी कापडी नळी) घाला. पुण्यात प्रत्येक दुचाकीच्या डिकीत स्कार्फ असतोच, त्याची घडी करून कपाळावर बांधली तरी चालते. घामही शोषला जातो, दाबही पसरतो. एवढं करून आधी तुमची जुनी टॉर्चच आठवडाभर लावून बघा. कदाचित खरेदी लांबणीवर टाकता येईल. टोपी घालणार असाल तर झडप मागे करा, नाहीतर झडपेची सावली नेमकी तुमच्या पावलांपुढे पडेल.

आता मुलाचे बाराशे ल्युमेन.

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे पडतो, हे त्या आकड्यावरून कळत नाही. तेवढाच प्रकाश एका अरुंद झोतात कोंबला तर लांब जातो, पसरवला तर पायाजवळचं दिसतं. तुलनेसाठी सांगते: मोटारीच्या साध्या हॅलोजन हेडलाइटमधला एच-४ बल्ब खालच्या झोताला सुमारे १,००० आणि वरच्या झोताला सुमारे १,६५० ल्युमेन देतो. म्हणजे चिरंजीव तुम्हाला प्रभात रस्त्यावर मोटारीच्या दिव्याइतका उजेड कपाळाला लावून पळायला सांगताहेत. आणि ऑनलाइन चारशे रुपयांत "५०,००० ल्युमेन" दिसले तर तो आकडा वाचून हसा आणि पुढे सरका.

तुम्हाला किती लागेल, याचा हिशोब तुम्ही वर्गात फळ्यावर मांडता तसा मांडून बघा. किलोमीटरला सात मिनिटं या गतीनं पळलं तर सेकंदाला साधारण २.४ मीटर अंतर कापलं जातं. समोरचा खड्डा दिसणं, मेंदूनं तो खड्डा आहे असं ठरवणं आणि पाऊल वळवणं यासाठी चार सेकंद हातात असले की पुरे, आणि चार सेकंद म्हणजे दहा मीटर. दहा-पंधरा मीटर पुढचं नीट दिसायला रस्त्यावर १०० ते १५० ल्युमेन पुरतात. टेकडीच्या पायवाटेवर, विशेषतः उतरताना, २०० ते ३००. त्यापुढचा प्रकाश पळण्याला मदत करत नाही, सेल मात्र खातो. अंतर दुप्पट हवं असेल तर प्रकाश चौपट लागतो, त्यामुळे बाराशे ल्युमेनची टॉर्च तीनशेवालीच्या चौपट लांब बघत नाही, फक्त दुप्पट बघते. त्यासाठी वजन, किंमत आणि उष्णता तिन्ही वाढतात. शिवाय इतक्या लहान डबीत बाराशे ल्युमेन फार वेळ टिकूच शकत नाहीत. काही मिनिटांत ती तापते आणि आतली व्यवस्था प्रकाश आपोआप कमी करते. जाहिरातीतला आकडा त्या पहिल्या मिनिटांचा असतो.

खोक्यावरचे आकडे वाचायचे कसे, हे जरा सविस्तर सांगते, कारण पैसे इथेच वाया जातात. चांगल्या कंपन्या एफएल-१ या अमेरिकी मानकानुसार आकडे छापतात. त्यात 'झोताचं अंतर' म्हणजे जिथे प्रकाश पाव लक्स उरतो तिथपर्यंतचं अंतर. लक्स हे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप, आणि पाव लक्स म्हणजे ढोबळमानानं पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. खोक्यावर १०० मीटर लिहिलं असेल तर शंभर मीटरवर चांदणं पडेल, पळता येण्याजोगा उजेड नव्हे. पाव अंतरावर, म्हणजे २५ मीटरवर, त्याच्या सोळा पट म्हणजे ४ लक्स मिळतात, आणि तुमच्या कामाचा पट्टा तिथून तुमच्याकडे येतो. दुसरा आकडा 'किती तास चालते' हा. या मानकात टॉर्चचा प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. ३०० ल्युमेनची टॉर्च शेवटी ३० ल्युमेनवर रडत असली तरी ते तास हिशोबात धरले जातात. म्हणून सर्वांत प्रखर मोडचे तास बघू नका. तुम्ही रोज वापराल त्या मधल्या, शंभर-दीडशे ल्युमेनच्या मोडला किती तास आहेत ते शोधा. तो आकडा खोक्यावर छापलेलाच नसेल तर मी ती टॉर्च घेणार नाही.

एक बारकावा आणखी. काही टॉर्च सेल उतरेपर्यंत प्रकाश एकसारखा ठेवतात आणि मग एकदम खाली येतात, तर काही पहिल्या अर्ध्या तासापासून हळूहळू मंदावत जातात. पहिल्या जातीची चांगली, पण तिला सेल किती उरला ते दाखवणारा दिवा हवाच, नाहीतर टेकडीच्या मधोमध अंधार होतो. दुसऱ्या जातीत उजेड इतका सावकाश कमी होतो की आपल्याला कळतच नाही आणि डोळे ताणून आपण पळत राहतो.

चष्म्याचं तुम्ही एका वाक्यात लिहिलंत, पण मला ते महत्त्वाचं वाटलं. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. पळताना आपण डोळे खाली करून जमीन बघतो ती नेमकी त्या भागातून, आणि दीड-दोन मीटरवरची जमीन त्यातून पुसट दिसते. तुमचा मुरगळलेला पाय मी पाहिलेला नाही, पण त्यात महापालिकेइतकाच चष्म्याचाही वाटा असू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा की पळण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा चालेल का. वय वाढतं तशी अंधारात बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, त्यामुळे मुलापेक्षा तुम्हाला थोडा जास्त उजेड लागेल हेही खरं. म्हणून मी शंभराच्या जागी दीडशे म्हणते. बाराशे तरीही नाहीत. आणि टॉर्च चष्म्याच्या काचेवर वरून प्रकाश टाकत नाही ना, हे अंधाऱ्या खोलीत तपासा. काचेवर घामाचा डाग असेल तर सगळं धुरकट दिसतं आणि आपण टॉर्चला दोष देतो.

कपाळावरच्या दिव्याचा एक जन्मजात दोष आहे जो कितीही पैसे टाकले तरी जात नाही. प्रकाश डोळ्यांच्या जवळूनच निघतो, त्यामुळे दगडाची सावली दगडाच्या मागे लपते आणि आपल्याला दिसत नाही. सावली नाही म्हणजे उंच-सखल कळत नाही. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूनं टेकडीवर चढताना जे लहान दगड आणि मुळं आहेत, ती सगळी एका पातळीत असल्यासारखी दिसतात आणि पाय अडखळतो. यावर उपाय म्हणजे दुसरा दिवा कमरेला लावणं किंवा हातात धरणं. उजेड खालून, तिरका आला की प्रत्येक दगडाला सावली फुटते. रात्री लांब पळणारे अनेक जण कपाळाचा दिवा मंद आणि कमरेचा दिवा मुख्य ठेवतात, ते यासाठीच. तुमचं कपाळ इतकं नाजूक असेल तर नुसता कमरेचा दिवाही विचारात घ्या. छातीला बांधायचे दिवेही येतात. त्यांच्या पट्ट्यांची रचना मला बायकांच्या सोयीची वाटत नाही, पण तुम्ही घालून बघा. फक्त लक्षात असू द्या की मान वळवली तरी छातीचा आणि कमरेचा दिवा वळत नाही, त्यामुळे वाटेच्या फाट्यावर पाटी वाचायची तर अंगासकट वळावं लागतं.

पावसाळ्यातल्या सिंहगडावर हाच दोष दसपट होतो. धुक्याचे थेंब प्रकाश आपल्याच डोळ्यांत परत फेकतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी लोक घाबरून मोड वाढवतात आणि भिंत आणखी पांढरी होते. प्रकाश कमी करा, टॉर्च कपाळावरून काढून गुडघ्याच्या उंचीवर हातात धरा, वाट लगेच सापडते. थंडीत टेकडीवर स्वतःच्या श्वासाची वाफसुद्धा असाच त्रास देते. पिवळसर प्रकाश धुक्यात चालतो असं बरेच जण सांगतात. मला त्याचा उपयोग वेगळ्या कारणासाठी वाटतो: पांढऱ्या-निळसर प्रकाशात माती, वाळलं गवत आणि दगड एकाच राखाडी रंगाचे होतात, तर ४,००० केल्व्हिनच्या (हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) आसपासच्या उबदार प्रकाशात ते वेगळे ओळखू येतात. आणि वाळल्या गवतात, दगडांत काय असतं ते तुम्ही टेकडीवाल्या आहात, तुम्हाला माहीत आहे. घोणस आणि मण्यार मुख्यतः रात्री हिंडतात. फुरसं हातभराच्या आतलं आणि मातीच्या रंगाचं. त्यासाठी लांबचा झोत काही कामाचा नाही, पायापुढचे तीन मीटर रुंद आणि स्वच्छ दिसले पाहिजेत. रुंद आणि लांब दोन्ही झोत देणारी टॉर्च घ्या आणि टेकडीवर रुंद ठेवा.

आता एक गोष्ट जी तुमच्या पत्रात कुणीच विचारली नाही. तुम्हाला रस्ता दिसतो, पण तुम्ही कुणाला दिसता का?

डीपी रस्त्यावर पहाटे पाचला ताशी चाळीसनं येणारा स्कूटरवाला सेकंदाला ११ मीटर कापतो. तो मागून आला तर तुमच्या कपाळाच्या दिव्याचा त्याला काडीचाही उपयोग नाही. म्हणून पाठीवर किंवा कमरेच्या पट्ट्याला सायकलचा लाल लुकलुकणारा दिवा लावा. शे-दोनशे रुपयांना मिळतो, आणि रस्त्यावर पळणाऱ्याच्या जिवासाठी माझ्या मते हेडटॉर्चपेक्षा मोठी खरेदी ती आहे. प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या घोट्याला बांधा. सतत हलणारे घोटे चालकाच्या लगेच नजरेत भरतात. पदपथ धड नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेनं, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून पळा. समोरून कुणी आलं की मान खाली घाला किंवा टॉर्च एका टिचकीनं खाली वाकवा. डोळ्यांत झोत गेलेला दुचाकीस्वार पुढचे काही क्षण आंधळा असतो आणि त्या क्षणांत तो तुमच्याच दिशेनं येत असतो. मैत्रिणींशी बोलतानाही तेच. गप्पा मारायला चेहऱ्याकडे बघायचं आणि समोरचीचे डोळे दिपवायचे, हा टेकडीवरच्या रविवारच्या भांडणांचा एक हमखास विषय आहे. कुत्र्यांच्या डोळ्यांवर झोत रोखू नका, तो जमिनीवर ठेवा आणि पळायचं थांबून चालत पुढे जा.

सासूबाईंचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. 'बाईमाणसानं बाहेर पडू नये' हे मला मान्य नाही, पण त्यांच्या काळजीत तथ्य आहे. पुण्याच्या टेकड्यांवर लूटमारीच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, आणि कपाळावर दिवा लावून एकटं पळणारं माणूस लांबून दिसतं. दिवा वाट दाखवतो, सोबत देत नाही. म्हणून टेकडीवर अंधारात एकटीनं जाऊ नका, रविवारीच आणि गटानंच जा, हे मी सासूबाईंच्या बाजूनं सांगते. आठवड्यातल्या फेऱ्यात सोबत नसेल तर दिवे असलेला, दूधवाले-पेपरवाले फिरत असलेला रस्ता निवडा, फोनवरून घरच्या कुणाला तरी तुमचं ठिकाण दिसत राहील असं करा, आणि त्या 'कुणाला तरी'त सासूबाईंनाच घ्या. नकाशावर रोज तुमचं टिंब सरकताना बघितलं की त्या स्वतःच सांगतील की आज म्हात्रे पुलावर फार वेळ थांबलीस. जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, जूनमध्ये सहाच्या सुमारास, म्हणजे पाच वाजता बाराही महिने अंधारच असतो. उन्हाळ्यात शाळेला सुट्टी असते, तेव्हा तासभर उशिरा निघाला तरी चालेल, टॉर्च घरी राहिली तरी चालेल. लांबच्या जंगलवाटांवर, कात्रजकडे किंवा सिंहगडाच्या पायथ्याशी, वनविभागाच्या वेळा आणि सूचना आधी बघा. त्या भागात बिबट्या आहे.

'एकच टॉर्च सगळीकडे' हे मात्र जमण्यासारखं आहे, फक्त 'सगळीकडे'मध्ये सर्वांत अवघड काम कोणतं ते ओळखावं लागेल. रस्ता आणि टेकडी एक-दीड तासाचं काम आहे, त्याला कुठलीही बरी टॉर्च पुरते. घरी लाइट गेल्यावर वीस-तीस ल्युमेन छताकडे सोडले की खोलीभर उजेड होतो. खरी परीक्षा कात्रज ते सिंहगड. जुन्या कात्रज बोगद्यापासून निघून चढ-उतार करत सिंहगड गाठायला बहुतेकांना अख्खी रात्र लागते, शंभर ल्युमेनवर सात-आठ तास. छोट्या, हलक्या टॉर्चचा आतला सेल इतका टिकत नाही. यावर दोन वाटा आहेत: चार्जिंग करता करता चालू राहणारी टॉर्च घेऊन सॅकमधल्या पॉवर बँकला जोडणं, किंवा सेल बदलता येणारी टॉर्च घेऊन एक भरलेला सेल सोबत ठेवणं. मी दुसरीला मत देते. वायर काट्याकुट्यांत अडकते, आणि आतला सेल दोन-तीन वर्षांत दमला की बंद डब्याची टॉर्च फेकावी लागते. काही टॉर्चमध्ये चार्ज होणारा सेलही बसतो आणि गरज पडली तर वाटेतल्या टपरीवर मिळणारे तीन पेन्सिल सेलही बसतात. असं मॉडेल बजेटमध्ये मिळालं तर डोळे मिटून घ्या. हा ट्रेक बरेच जण पौर्णिमेच्या आसपास करतात. तसं असेल तर उघड्या कड्यांवर थोडा वेळ टॉर्च बंद करून बघा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या झोताच्या एका नजरेत ते काम वाया जातं. लाल दिव्याचा मोड असेल तर नकाशा बघायला, सॅक उघडायला तोच वापरा. पुढे मे-जूनमध्ये काजवे बघायला राजमाची किंवा भंडारदऱ्याला गेलात तर तिथेही लाल मोडच, आणि तोही जेवढ्यास तेवढा, कारण पांढऱ्या उजेडात काजव्यांचे संकेत बिघडतात. अशा ठिकाणी हजार ल्युमेन घेऊन येणाऱ्यांबद्दल मला काय वाटतं ते इथे छापता येणार नाही.

ट्रेकला दुसरी लहान टॉर्च खिशात हवीच. तुमची आत्ताची जड टॉर्च तेवढ्यासाठी ठेवा, पण तिचा सेल तपासा. विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत आणि ऑनलाइन '१८६५०' आकाराचे (हा चार्ज होणारा लांबट गोल सेल) ९,९०० एमएएच लिहिलेले सेल मिळतात. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३,५०० एमएएच मावतात, आणि असा खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकून बघा. तीस ग्रॅम भरला तर तो सेल टॉर्चमधून काढून ई-कचऱ्यात द्या, कारण असल्या लिथियम सेलना तापण्या-पेटण्याचाही दोष असतो.

पाण्याचं: खोक्यावर आयपीएक्स-४ (पाण्यापासून बचावाची श्रेणी) असेल तर पुण्याच्या पावसाला आणि घामाला ते पुरे. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, ते तुम्हाला नको. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतं का तेवढं बघा, घामाचं मीठ तिथूनच आत शिरतं. यूएसबी-सी असावं, म्हणजे फोनचाच चार्जर चालतो.

तर चार हजारांत काय? हजाराच्या आतल्या साध्या टॉर्च पळताना टिकाव धरत नाहीत, ट्रेकच्या तंबूत ठीक. डेकॅथलॉनच्या दुकानात दोन-तीन हजारांच्या घरातल्या चार्जेबल टॉर्च घालून बघता येतात, ही त्यांची मोठी सोय. नाइटकोर, पेट्झल, ब्लॅक डायमंड यांच्या हलक्या टॉर्च ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. त्यातल्या काही तुमच्या बजेटमध्ये बसतील, काही बाहेर जातील. ब्रँडवर फार डोकं घालू नका. दुकानात गेल्यावर टॉर्च डोक्यावर चढवा आणि जागच्या जागी दोन मिनिटं धावा. विक्रेता बघत राहील, बघू दे. पायाच्या अंगठ्याकडे बघा, मग वर बघा, झोत सरकला का? डबी वाकवायची खाच सैल आहे का? डोळे मिटून बटण सापडतं का? मंद मोड पहिल्यांदा लागतो की डोळे दिपवणारा? बटण लॉक होतं का, म्हणजे सॅकमध्ये आपोआप पेटून सेल संपणार नाही? यातल्या शेवटच्या प्रश्नावर मी एकदा ट्रेकच्या रात्री शेजारणीच्या टॉर्चची अवस्था पाहिली आहे, म्हणून आग्रहानं विचारते.

घेतल्यावर पहिल्या चार फेऱ्या नेहमीच्या, ओळखीच्या रस्त्यावर करा, टेकडीवर नको. परत करायची मुदत किती दिवस आहे ते बिलावर बघून त्या फेऱ्या त्या मुदतीत बसवा. कपाळ दुखलंच तर लाजेकाजेस्तव ठेवून घेऊ नका, बदलून आणा. पट्टा दिव्यापासून सुटा होतो का तेही तेव्हाच बघून घ्या. आठवड्यातून एकदा तो साबणानं धुवावा लागतो, नाहीतर पावसाळ्यात कपाळावर पुरळ येतं.